भुंगेऱ्याची मिशी आणि पुठ्ठ्याची नळी

तीर्थस्वरूप भावोजी,

तुम्हाला आणि ताईला पुस्तकं बांधणाऱ्या दोन हातांचा (साबणाने धुतलेत, तरी खळ काही निघत नाही) नमस्कार. आम्ही सगळे इकडे ठीक आहोत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताईचं डोकं वारा लागला की ठणकायचं, ते थांबलं का? तुमच्या फोटो स्टुडिओच्या जागेत चपलांचं दुकान आलं म्हणे. ऐकून जीव हळहळला. जिथे तुम्ही अर्ध्या शहराला हनुवटी खाली घ्यायला लावलीत, तिथे आता लोक पाय वर करून बसतात. असो.

तुम्ही म्हणाल, फोन असताना याने पत्र का लिहावं. तर भावोजी, फोनवर तुम्ही मधे बोलता. मला जे सांगायचंय ते सलग सांगायचंय, आणि त्यात एक ठिकाण असं येतं जिथे तुम्ही नक्की "छे!" म्हणाल आणि मग माझी गाडी रुळावरून घसरेल. पत्राला "छे!" म्हटलंत तरी पत्र थांबत नाही. शिवाय सोबत एक फोटो जोडला आहे. तो आधी बघू नका. (बघितलात ना? मला ठाऊक होतं. बरं, मग बसा आणि पुढचं वाचा.)

आमची बांधणीची खोली तुम्ही एकदा पाहिली आहे. ग्रंथालयाच्या तळघरात, फुटपाथच्या पातळीला एक आडवी खिडकी, त्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे नुसते पाय दिसतात. एकतीस वर्षं मी त्या खोलीत फाटलेली पुस्तकं शिवतोय. बुटांवरून मला माणसं ओळखता येतात, पण चेहऱ्याने ओळखायची वेळ आली की गोंधळ होतो. तर यंदा एके दिवशी ग्रंथपालबाईंचे बूट खिडकीवरून भराभरा गेले आणि दोन मिनिटांत बाई स्वतः खाली उतरल्या. हातात एक जाडजूड पुस्तक. पहिल्या पानापासून दोनशे चौदाव्या पानापर्यंत आरपार भोक. गोल, स्वच्छ, जणू कुणी टोच्याने पाडलंय. तसली अकरा पुस्तकं निघाली, सगळी नव्या वाचनकक्षातली.

आता नवा वाचनकक्ष म्हणजे आमच्या अध्यक्षांचा प्राण. त्यातली लाकडी कपाटं त्यांनी गेल्या वर्षी स्वतः उभं राहून बसवून घेतली, आणि ती त्यांच्या व्याह्यांच्या कारखान्यातून आलेली. त्यामुळे कपाटांकडे बोट जाणं शक्यच नव्हतं. बोट फिरून फिरून आलं ते माझ्या खळीच्या भांड्यावर. अध्यक्ष म्हणाले, पिठाची खळ लावणं म्हणजे किड्यांना मेजवानी देणं. आजच्या काळात अशी खळ वापरतं तरी कोण! त्यांनी समितीपुढे प्रस्ताव ठेवला की बांधणीची खोली बंद करावी, पुस्तकं बाहेर मशीनवर द्यावीत (तिथे गरम प्लास्टिकचा गोंद ओततात आणि दोनदा उघडलं की पुस्तकाचा पत्त्यांचा कॅट होतो), आणि मला वरच्या दारापाशी छत्र्या-पिशव्या सांभाळायला बसवावं. बैठक पंधरा दिवसांनी होती. भावोजी, छत्री सांभाळणं हे कमी दर्जाचं काम आहे असं मी म्हणत नाही. पण छत्रीच्या पाठीचा कणा मोडलेला असला तर मी तो शिवू शकत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं.

मी काही स्वस्थ बसणारा नाही. तिसऱ्याच दिवशी कपाटाच्या खालच्या फळीवर मला एक तपकिरी जीव फिरताना सापडला. तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. त्याला काडेपेटीत घालून मी थेट अध्यक्षांच्या टेबलावर गेलो आणि सांगितलं, हा बघा खरा गुन्हेगार, आणि हा फळीतून निघालाय. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला, काडेपेटी नाकाशी धरली, म्हणाले, "अहो, ही चहाची पूड आहे," आणि फुंकर मारली. झालं. माझा एकुलता एक साक्षीदार खिडकीतून बाहेर.

त्याच दुपारी मला आठवलं की किड्यांवरचं एक जुनं पुस्तक माझ्याच हातून बांधून गेलंय. काढून पाहिलं तर मागच्या पानावर लेखिकेचा पत्ता. (यांना मी मनातल्या मनात कीटकबाई म्हणतो. दूरच्या कॉलेजात शिकवतात.) दुसरा भुंगेरा पकडून पाकिटात घातला आणि त्यांना पाठवला. चार दिवसांनी त्यांचा फोन. आवाज अगदी गंभीर. म्हणाल्या, "तुमचा नमुना मिळाला. पोस्टाचा शिक्का नेमका त्याच्यावर बसलाय. आता तो कुठल्याही जातीचा म्हणून चालेल." पण बाई मोठ्या मनाच्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं की असे दोन भुंगेरे असतात, दोन्ही तपकिरी, दोन्ही एवढेसे. एक पिठावर, खळीवर जगतो. दुसरा नव्या कच्च्या लाकडात वाढतो आणि बाहेर पडताना वाटेत जे येईल ते पोखरतो, मग ते पुस्तक का असेना. ओळखायची खूण मिशीत. मिशीच्या टोकाला मण्यांसारखे फुगीर सांधे असतात. तीन मणी असले तर खळीचा, दोन असले तर लाकडाचा. "मणी मोजता येतील असा स्वच्छ फोटो काढा आणि मला पाठवा," असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

म्हणजे माझी एकतीस वर्षांची अब्रू आता एका किड्याच्या मिशीवर टांगलेली. दोन की तीन, एवढाच प्रश्न. आणि ती मिशी माझ्या पापणीच्या केसाहून बारीक.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता, आठवतं? तुम्ही काय म्हणालात तेही आठवत असेल. म्हणालात, "अरे, इतकी बारीक वस्तू जवळून टिपायची म्हणजे मॅक्रोचं काम. त्याला त्याचीच लेन्स लागते, आणि ती तुझ्यासारख्याने हौस म्हणून घ्यायची वस्तू नाही. तू आपला पुस्तकं चिकटव." मी रागावलो नाही. (थोडा रागावलो. त्या दिवशी एका शब्दकोशाच्या पुठ्ठ्याला गरजेपेक्षा जास्त ठोकलं.) पण पडताळा घ्यावा म्हणून कॅमेऱ्यांच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या टायवाल्या विक्रेत्याने काचेच्या कपाटातून एक लेन्स काढून माझ्या हातात दिली आणि किंमत सांगितली. मी ती लेन्स दोन्ही हातांनी, झोपलेलं तान्हं मूल पाळण्यात ठेवावं तशी, परत काउंटरवर ठेवली आणि श्वास रोखून मागे सरकलो. तुमचं खरं होतं. एवढं मी मोकळेपणाने कबूल करतो, कारण यापुढे तुमचं काहीही खरं निघालेलं नाही.

पहिला प्रयोग स्वस्तातला. फोनला चिमट्याने अडकवायचं एक भिंग वह्या-पेनांच्या दुकानात मिळालं. भिंग वाईट नव्हतं, पण किड्याच्या इतक्या जवळ जावं लागे की फोनची सावली पडून त्याला संध्याकाळ झाल्यासारखं वाटे आणि तो चालू पडे. एकदा तर तो भिंगावरच चढला. तो फोटो मी ठेवलाय. पोट फार छान आलंय. दुसरा प्रयोग, आमच्या मुलीने नवा कॅमेरा घेतल्यावर जुना आमच्याकडे टाकला होता, त्याच्या लेन्सवर वाचायचं भिंग चिकटपट्टीने लावून. त्यात भुंगेरा मोठा दिसला खरा, पण त्याच्या कडेने निळी-जांभळी किनार आली. मिशी तर झेंड्यासारखी रंगीत. मणी मोजायला गेलो तर एकदा पाच आले, एकदा एकही नाही. तिसरा प्रयोग म्हणजे लेन्सपुढे लावायची जवळून बघायची काच. ती बरी निघाली, पण आणखी जवळ, आणखी जवळ, असं मन म्हणत राहिलं आणि काच म्हणाली, माझं इथपर्यंतच.

मग मी गेलो स्प्रिंगशेठकडे. हा एका जिन्याखाली बसून जुने कॅमेरे दुरुस्त करणारा म्हातारा. (बोलता बोलता त्याच्या चिमट्यातून एक तरी स्प्रिंग उडतेच, म्हणून हे नाव. गिऱ्हाईक आणि तो दोघे मिळून ती शोधतात, ओळख वाढते.) त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, काडेपेटीतला तिसरा भुंगेरा डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून पाहिला, आणि खणातून एक जुनी लेन्स काढली. हाताने फिरवायची, काचेच्या कडेला किंचित बुरशी. म्हणाला, "ही उलटी लावा."

मला वाटलं माझी थट्टा करतोय. पण नाही. लेन्सचं तोंड कॅमेऱ्याकडे आणि पाठ किड्याकडे केली की ती लांबचं बघायचं सोडते आणि अगदी पुढ्यातलं बघायला लागते. "माणसाचं चाळिशीनंतर बरोबर याच्या उलट होतं," असं म्हणून तो स्वतःच खदखदून हसला आणि एक स्प्रिंग उडाली. ती शोधून झाल्यावर त्याने दुसरी गोष्ट सांगितली: लेन्स आणि कॅमेरा यांच्यात जितकी लांब पोकळ नळी, तितका किडा मोठा. आत काच नको, काही नको, नुसती हवा. नळ्या तयार मिळतात, पण त्याच्याकडे शिल्लक नव्हत्या.

नुसती हवा! भावोजी, आत हवा आणि बाहेर पुठ्ठा असलेली वस्तू या शहरात माझ्याहून चांगली कोण करणार होतं? माझं आयुष्य पुठ्ठ्यात गेलंय. मी स्प्रिंगशेठकडून ती लेन्स आणि कॅमेऱ्याच्या तोंडाचं एक प्लास्टिकचं झाकण घेतलं (जेवढ्यात सौ. आणि मी बाहेर जेवून आलो असतो तेवढ्यात सगळं आलं, आम्ही घरी जेवलो), नळी कॅमेऱ्यावर बसवता यावी म्हणून झाकणाला मधोमध भोक पाडलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नळी करायला घेतली. तीन पदरी पुठ्ठा, एकेक पदर गोलाकार दांड्यावर गुंडाळून, वाळवून, पुन्हा वरून दुसरा. आतून आधी काळं बांधणीचं कापड लावलं तर ते चकाकलं आणि फोटोवर धुकं आलं. ते खरवडून काढून अस्तराचा खरबरीत काळा कागद लावला. धुकं गेलं. बाहेरून लाल कापड, आणि आता हसू नका, त्यावर सोनेरी अक्षरांचा ठसा उमटवला: "खंड पहिला". नळीवर काहीच लिहिलेलं नाही हे मला बघवेना.

राहिली दोन संकटं, प्रकाश आणि थरथर. प्रकाशाचं म्हणाल तर टेबलावरचा दिवा जवळ आणला की भुंगेरा उबेने ताजातवाना होऊन फिरायला निघे. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश उडवला तर माझ्या नळीचीच सावली किड्यावर. शेवटी फ्लॅशपुढे पांढऱ्या पुठ्ठ्याची एक घसरगुंडी केली, तिच्यावरून उजेड खाली घरंगळतो, आणि घसरगुंडीच्या टोकाला चित्रांवर घालतो तो पातळ झिरझिरीत कागद ताणून बसवला. त्यातून असा मऊ उजेड आला की मी माझा अंगठा तिथे धरून पाहिला आणि मलाच तो आदरणीय वाटला.

थरथरीचं प्रकरण अवघड. इतक्या जवळून बघताना स्पष्ट दिसणारा भाग कागदाच्या जाडीएवढा. डोळा स्पष्ट आला की मिशी धूसर, मिशी आली की डोळा गेला. मी श्वास घेतला की भुंगेरा चित्रातून बाहेर, सोडला की आत. रस्त्यावरून ट्रक गेला की सगळं जग हलायचं. पहिल्या दिवसाचा हिशोब सांगतो: एकशे चाळीस फोटो. त्यांत काळोख तीस, पांढरा उजेड चोवीस, फळीचं लाकूड (उत्तम) पन्नास, माझी नखं नऊ, आणि बाकी सगळे पाठ फिरवून निघालेल्या भुंगेऱ्याच्या मागच्या बाजूचे.

कॅमेरा केसभर पुढे-मागे सरकवायची एक पट्टी असते म्हणे, तीही विकत मिळते. मी खोलीत उभा राहून विचार करत होतो आणि माझा हात ज्यावर टेकला होता तो माझा शिकंजा होता. दोन लाकडी जबडे, मधे दोन लांब स्क्रू. पुस्तक त्यात आवळून पाठ गोल करायची, तेच एकतीस वर्षं केलं. स्क्रू चतकोर फिरवला की जबडा केसभर सरकतो, ना कमी ना जास्त. भावोजी, मी मोठ्याने हसलो. खिडकीवरून जाणारी सँडलची एक जोडी थांबली आणि वाकून एक चेहरा आत बघून गेला. मी सरकत्या जबड्यावर कॅमेरा दोरीने करकचून बांधला, स्थिर जबड्यापुढे फळीचा तुकडा ठेवला, आणि कॅमेऱ्याला हात न लावता दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी कळ लावली. त्या दहा सेकंदांत मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन श्वास घेऊन येत असे.

एक सांगायचं राहिलं. भुंगेरा शांत बसावा म्हणून त्याला थोडा वेळ गारव्यात ठेवायचं असतं, हे कीटकबाईंच्या पुस्तकात आहे. मी काडेपेटी घरी फ्रिजमध्ये, लोण्याच्या डब्याशेजारी ठेवू लागलो, आणि सकाळी कामावर नेताना बर्फासोबत डब्यात. सौ.ला सांगायचं विसरलो. तिने उघडून पाहिलं, सहा भुंगेरे ओळीने झोपलेले, आणि शांतपणे मला हाक मारून विचारलं, "पाहुणे किती दिवस आहेत?" मी सगळं सांगितलं. तिने काडेपेटी दुसऱ्या डब्यात ठेवली, झाकण लावलं, आणि विषय संपवला. एवढ्या कमी शब्दांत परवानगी मिळालेला मी एकटाच नवरा असेन.

रविवारी दुपारी फोटो मिळाला. ग्रंथालय बंद, रस्ता सुस्त, खिडकीत एकही पाय नाही. भुंगेरा भोकाच्या तोंडाशी बसला होता, डोक्यावर लाकडाचं पीठ, मिशा पुढे. मी स्क्रू फिरवला, थांबलो, पुन्हा किंचित फिरवला, आणि कळ लावून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठं करून पाहिलं आणि भावोजी, काय सांगू, मी मणी मोजायचं विसरलो. त्या पाठीवर सोनेरी केसांच्या सरळ ओळी होत्या, माझ्या सर्वांत चांगल्या शिवणीपेक्षा सरळ. डोळा म्हणजे बारीक जाळीचा काळा मणी. पायाला आकडे. एकतीस वर्षं मी या जातीला शिव्या घातल्या, चिरडलं, झटकलं, आणि एकदाही पाहिलं नव्हतं. खुर्ची ओढून बसलो. पाच मिनिटं तरी नुसता बघत होतो. मग आठवण झाली आणि मिशीवर गेलो. एक मणी. दोन मणी. पुढे काहीच नाही, नुसती हवा.

कीटकबाईंना पाठवला. उत्तर आलं: "दोन. लाकडाचा. कपाटं तपासा." आणि खाली आणखी एक ओळ: "लेन्स कोणती वापरता?" मी लिहिलं, उलटी.

बैठकीला मी तो फोटो वर्तमानपत्राच्या पानाएवढा छापून, जाड पुठ्ठ्यावर ताणून, कापडाची किनार लावून नेला (किनार हवीच होती असं नाही). समितीच्या टेबलावर उभा केला. अध्यक्ष खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकले आणि त्यांनी शिपायाकडे बघून विचारलं, "हा एवढा प्राणी आत शिरलाच कसा?" मी सांगितलं की हीच ती चहाची पूड. मग मणी दाखवले, कीटकबाईंचा निरोप वाचला. अध्यक्ष म्हणाले, मला तर तीन दिसतात. ग्रंथपालबाईंनी पेन्सिलीचं टोक लावून मोजले, दोन. खजिनदारांनी मोजले, दोन. अध्यक्षांनी पुन्हा मोजले आणि त्यात डोळाही धरला. तेवढ्यात आमचे सर्वांत वयस्कर सभासद, जे दर बैठकीत हनुवटी छातीला लावून झोपतात, ते उठले, फोटोपाशी आले, मणी बोटाने मोजले, म्हणाले, "दोन. आणि आता कपाट ठोकून बघा." सगळे वाचनकक्षात गेलो. ग्रंथपालबाईंनी सगळ्यांदेखत एका फळीवर मूठ आपटली. खाली पांढरं पीठ भुरभुरलं, अगदी मैद्यासारखं, आणि ते अध्यक्षांच्या काळ्या बुटांवर पडलं. ते बूट मी एकतीस वर्षांत इतके गप्प कधी पाहिले नव्हते.

अध्यक्षांबद्दल चांगलं तेही सांगतो. त्यांनी वाकून बुटांवरचं पीठ झटकलं आणि मग सरळ माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्यावर उगाच आळ घेतला." तसं म्हणायला छाती लागते, विशेषतः व्याह्यांची कपाटं असताना. कपाटं आता तापवून किडे मारायला कारखान्यात परत गेली आहेत. बांधणीची खोली जिथल्या तिथे आहे. माझी खळ जिथल्या तिथे आहे. आणि तो फोटो वाचनकक्षाच्या दारात लागलाय. मुलं त्याच्यापुढे उभी राहून मणी मोजतात. काल एक अनोळखी बूट माझ्या खिडकीशी थांबले आणि वाकून कुणीतरी विचारलं, "तो भुंगेरा तुम्हीच काढलात ना?" भावोजी, मला बुटांवरून ओळखायची सवय; मला कुणी चेहऱ्याने ओळखण्याचा हा पहिलाच प्रसंग.

तर तात्पर्य एवढंच की महागडी लेन्स ही ज्यांना हाताने काही करता येत नाही त्यांची सोय आहे. (हे तुम्हाला उद्देशून नाही. थोडं आहे.) एक जुनी लेन्स, एक झाकण, तीन पदर पुठ्ठा, एक शिकंजा आणि धीर, एवढ्यात जगातलं काहीही जवळून बघता येतं, हे मी तुमच्या मेहुण्याच्या नात्याने नव्हे तर अनुभवी माणूस म्हणून सांगतो. ताईला हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा. फोटोचा भाग दोनदा. पत्र लांबलं, लोभ मात्र अगदी जवळून असू द्यावा.

तुमचा मेहुणा,
(बांधणी आणि छायाचित्रण)

ता. क. फोटोत खाली उजवीकडे जे धूसर दिसतंय तो दोष नाही, ते लाकूड आहे.

ता. क. दुसरा. कीटकबाईंना आता त्याच भुंगेऱ्याची अळी हवी आहे, त्यांच्या नव्या पुस्तकासाठी, आणि खाली माझं नाव छापणार आहेत. अळी मऊ, पांढरी, सतत वळवळणारी. उलट्या लेन्सने तिला गाठायचं म्हणजे नाक टेकवावं लागतं, आणि माझी नळी गेल्या आठवड्यात दमट हवेने थोडी लंबगोल झाली आहे, त्यामुळे अळ्याही लंबगोल येतात. (त्या असतातच, पण इतक्या नाही.) स्टुडिओतली तुमची खरी मॅक्रो लेन्स आता कपाटात नुसती पडून असते, असं ताईकडून परवाच कळलं. सहज विचारतो. पंधरा दिवसांपुरती. कापसात गुंडाळून, दोन डब्यांत घालून पाठवलीत तर पोहोचल्याची चिठ्ठी मी त्याच दिवशी टाकीन. वर महागड्या लेन्सविषयी जे लिहिलंय ते तत्त्व म्हणून लिहिलंय, तुमच्या लेन्सविषयी नाही.

ता. क. तिसरा, निराळ्या अक्षरात.

भावोजी, नमस्कार. ह्यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, म्हणून ह्या चार ओळी घुसवतेय. ह्यांना दाखवू नका, म्हणजे फोनवर बोलताना विषय काढू नका. मी सव्वीस वर्षं रक्ततपासणीच्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते. हे ह्यांना ठाऊक आहे, पण त्याचा आणि भुंगेऱ्याचा काही संबंध असेल असं ह्यांच्या डोक्यात आलं नाही. फ्रिजमधला एक मी दुसऱ्याच दिवशी कामावर नेला होता. काचपट्टीवर मिशी ठेवली, दोन मणी, मोजायला मिनिटसुद्धा लागलं नाही. बैठकीच्या दिवशी तसा कागद लिहून, सही-शिक्क्यासह माझ्या पर्समध्ये होता. वेळ आली असती तर घेऊन गेलेच असते.

पण मी बोलले नाही. छत्र्यांची गोष्ट ऐकल्यापासून हे घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचे. जेवताना मीठ मागायचे नाहीत, कमी असलं तरी. ज्या दिवशी नळी करायला घेतली त्या दिवशी आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी मला सांगायला लागले, पुठ्ठ्याचा दुसरा पदर कसा बसला ते. असं बोलणं मी किती तरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

म्हणून विनंती आहे, लेन्स एवढ्यात पाठवू नका. काही तरी कारण सांगा. काल ह्यांनी नव्या नळीसाठी पुठ्ठा कापलाय, आधीपेक्षा लांब, आणि कापताना गात होते.